कबुतराची परीक्षा

हितोपदेशांतला चित्रग्रीव हा कबुतरांचा राजा आपल्यापैकीं पुष्कळांना शाळेपासून ठाऊक आहे. निर्जन अरण्यांत तांदळाचे दाणे आले कोठून, ही शंका त्या एकट्याला आली. बाकीच्या थव्याला दाणे दिसले, जाळें दिसलें नाहीं. तेव्हांपासून कबुतर म्हणजे दाण्यापलीकडे कांहीं न पाहणारें भोळें पांखरूं, अशी आपली समजूत होऊन बसली आहे. गेल्या पाऊणशें वर्षांत निरनिराळ्या देशांतील शास्त्रज्ञांनीं याच पांखराला, याच दाण्याच्या लोभानें, परीक्षेला बसविलें. त्या परीक्षांचे निकाल आज आपल्यापुढें ठेवावयाचे आहेत.

मी शास्त्रज्ञ नव्हे. मॅट्रिक होऊन शाळामास्तर झालों, आणि आयुष्य मुलांना शिकविण्यांत व त्यांच्या परीक्षा घेण्यांत गेलें. म्हणून या प्रयोगांकडे मी पाहतों तें परीक्षकाच्या दृष्टीनें. प्रत्येक परीक्षकाला एक प्रश्न सतत छळीत असतो. विद्यार्थ्यानें उत्तर बरोबर दिलें; पण तें समजलें म्हणून दिलें, कीं पाठ होतें म्हणून दिलें? कागदावर दोन्ही उत्तरें सारखींच दिसतात. कबुतराच्या बाबतींत तर हा प्रश्न अधिकच बिकट, कारण त्याला तोंडीं विचारण्याची सोय नाहीं.

प्रथम या विद्यार्थ्याची ओळख करून घेऊं. आपल्या खिडकीच्या कठड्यावर घुमणारा राखी पारवा आणि प्रयोगशाळेंतलें कबुतर हीं एकाच जातीचीं. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंस बसविलेले असल्यामुळें मान न वळवतां भोंवतालचा ३०० अंशांहून अधिक प्रदेश त्याच्या नजरेंत येतो. पाठीमागचा एक अरुंद पट्टा तेवढा सुटतो. रंग ओळखणाऱ्या शंकूच्या आकाराच्या पेशी माणसाच्या नेत्रपटलांत तीन प्रकारच्या असतात, कबुतराच्या नेत्रपटलांत चार प्रकारच्या. शिवाय त्या पेशींत रंगीत तेलाचे अतिसूक्ष्म थेंब असतात, आणि ते चष्म्याच्या रंगीत कांचेप्रमाणें प्रकाश गाळून आंत सोडतात. जांभळ्या रंगाच्या पलीकडचे जे किरण आपल्याला मुळींच दिसत नाहींत, त्यांपैकीं कांहीं कबुतराला दिसतात. अशा या डोळ्यांमागें मेंदू मात्र अवघा दोन-अडीच ग्रॅम वजनाचा आहे.

आतां परीक्षेची रीत पाहूं. अमेरिकन मानसशास्त्रज्ञ बी. एफ्. स्किनर यांनीं १९३० नंतरच्या दशकांत प्राण्यांच्या शिकण्याचा अभ्यास करण्यासाठीं एक पेटी प्रचारांत आणली. प्रथम तींत उंदीर असत. पुढें कबुतरें आलीं. पेटीच्या भिंतीवर एक लहानसा पडदा असतो व त्यावर चित्र उमटतें. कबुतरानें पडद्यावर चोंच मारली कीं यंत्र तो टोला मोजतें, आणि ठरलेल्या अटीप्रमाणें दाण्यांचें पात्र क्षणभर पुढें येतें. एका जातीच्या चित्रावर टोचलें तर दाणा मिळतो, दुसऱ्या जातीच्या चित्रावर टोचलें तर कांहीं नाहीं. प्रयोगापूर्वीं पांखराला थोडें भुकेलें ठेवतात, म्हणजे त्याचें लक्ष अभ्यासांत राहतें. दोन चित्रांतला फरक उमगला कीं कबुतर पहिल्यावर सपाट्यानें टोचूं लागतें व दुसऱ्यापुढें स्वस्थ उभें राहतें. टोल्यांची संख्या हीच त्याची उत्तरपत्रिका.

याच रीतीचा उपयोग करून दुसऱ्या महायुद्धांत स्किनर यांनीं कबुतरांकडून बाँबला वाट दाखविण्याची योजना मांडली होती. बाँबच्या नाकाशीं बसलेलें कबुतर पडद्यावर उमटलेल्या लक्ष्यावर टोचत राहील आणि त्या टोल्यांनीं बाँबची दिशा सुधारत जाईल, अशी ती कल्पना. प्रयोगशाळेंत कबुतरांनीं आपलें काम चोख करून दाखविलें. पण १९४४ सालीं सरकारनें ही योजना गुंडाळली आणि त्या बिचाऱ्या पांखरांचे प्राण वांचले.

कोणी म्हणेल, एवढ्या यंत्रांचा खटाटोप कशासाठीं? कबुतरासमोर चित्रें धरून पाहिलें असतें तर चाललें नसतें काय? नसतें चाललें. विसाव्या शतकाच्या आरंभीं बर्लिन शहरांत हान्स नांवाचा एक घोडा होता. बेरीज विचारली कीं तो खूर आपटून बरोबर उत्तर देई, आणि लोक थक्क होत. ऑस्कर फुंग्स्ट या संशोधकानें १९०७ सालीं दाखवून दिलें कीं घोड्याला गणित येत नव्हतें. खुरांचे आवाज उत्तराच्या आंकड्यापर्यंत पोंचले कीं प्रश्न विचारणाऱ्याच्या मानेंत व चेहऱ्यांत नकळत किंचित् बदल होई. घोडा तेवढा टिपून थांबत असे. ज्या प्रश्नकर्त्याला स्वतःलाच उत्तर ठाऊक नसे, त्याच्यापुढें घोड्याचें गणित चुके. वर्गांतही मास्तरच्या भुंवया वाचून उत्तर देणारीं हुशार मुलें असतातच! म्हणून कबुतर पेटींत एकटें असतें; चित्रें यंत्र दाखवितें आणि गुणही यंत्रच मोजतें.

अशा रीतीनें घेतलेली पहिली मोठी परीक्षा हार्वर्ड विद्यापीठांतली. रिचर्ड हर्नस्टाइन आणि डॉनल्ड लव्हलँड यांनीं ती घेऊन १९६४ सालीं तिचा निकाल प्रसिद्ध केला. त्यांनीं १,२०० हून अधिक रंगीत छायाचित्रें जमविलीं. निम्म्या-शिम्म्या चित्रांत माणसें होतीं, बाकीच्यांत नव्हतीं. माणूस कोठें एकटा, कोठें घोळक्यांत. कोठें जवळ, कोठें दूर. कोठें झाडाआड अर्धवट झांकलेला. कोठें मूल, कोठें मोठें माणूस. कपडे निरनिराळे, उजेड निरनिराळा. सर्वांना समान असा एकही रंग किंवा एकही रेषा नाहीं. माणूस असलेल्या चित्रावर टोचलें तरच दाणा मिळण्याची सोय होती. कबुतरें हा विषय शिकलीं, आणि पूर्वीं कधीं न पाहिलेलीं चित्रें समोर आलीं तेव्हांही माणूस असलेल्या चित्रांवर तीं अधिक वेगानें टोचूं लागलीं. त्यांच्या चुकाही बोलक्या होत्या. माणसांच्या सोबत नेहमीं आढळणाऱ्या वस्तु, जसें मोटारी, होड्या, घरें, ज्या चित्रांत असत त्यांवर माणूस नसतांनाही तीं कधीं कधीं टोचत. मुलाची चूक पाहिली कीं तें कोणत्या वाटेनें उत्तराकडे निघालें होतें हें मास्तरला कळतें. येथेंही तसेंच झालें.

मात्र याच वेळीं एक शंका डोकें वर काढते. हीं कबुतरें चित्रें नुसतीं पाठ तर करीत नसतील? शंका पोकळ नाहीं, कारण कबुतराची स्मरणशक्ति खरोखरच थोर आहे. हार्वर्डमध्येंच विल्यम व्हॉन आणि शॅरन ग्रीन यांनीं १९८४ सालीं प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ३२० छायाचित्रें घेतलीं आणि त्यांपैकीं १६० ‘दाण्याचीं’ व १६० ‘बिनदाण्याचीं’ असें चिठ्ठ्या टाकल्याप्रमाणें ठरवून टाकलें. तेथें समजण्यासारखें कांहींच नव्हतें. एकेक चित्र लक्षांत ठेवणें एवढाच मार्ग. कबुतरांनीं तीं सारीं लक्षांत ठेविलीं, आणि सुमारें दोन वर्षांच्या खंडानंतर पुन्हां विचारलें तरी त्यांना तीं ओळखतां आलीं. पुढें जोएल फागो आणि रॉबर्ट कुक यांनीं कबुतरांची व बबून जातीच्या माकडांची याच विषयांत वर्षानुवर्षें परीक्षा चालविली आणि २००६ सालीं तिचा निकाल दिला. कबुतरांच्या स्मरणाची मर्यादा ८०० ते १,२०० चित्रांच्या दरम्यान आली. माकडें ३,५०० ते ५,००० चित्रांपर्यंत पोंचलीं व त्यांची मर्यादा तोंवर लागलेलीच नव्हती.

ही स्मरणशक्ति पेटीबाहेरही पांखराच्या उपयोगी पडते. ऑक्सफर्डच्या संशोधकांनीं घरीं परतणाऱ्या कबुतरांच्या पाठीवर मार्ग नोंदणारीं हलकीं यंत्रें बांधून त्यांच्या वाटा टिपल्या. एकच जागा परिचयाची झाली कीं प्रत्येक कबुतर खालच्या खुणा पाहत आपली स्वतःची ठराविक वाट पाडतें. २०२१ सालीं प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या प्रयोगांत तीन-चार वर्षांनीं पुन्हां त्याच जागेवरून सोडलेलीं कित्येक कबुतरें आपल्या जुन्या वाटेच्या जवळूनच उडालीं.

आतां परीक्षकाची अडचण लक्षांत घ्या. ज्या विद्यार्थ्याला हजार उत्तरें तोंडपाठ होऊं शकतात, त्यानें जुन्या प्रश्नांचीं उत्तरें बरोबर दिलीं तर त्यावरून काय सिद्ध होतें? कांहींच नाहीं. त्याला समजलें आहे कीं नाहीं, हें ठरविण्याचा मार्ग एकच : त्यानें कधीं न पाहिलेला, पण त्याच जातीचा नवा प्रश्न विचारणें. कबुतरांवरील चांगल्या प्रयोगांचें सारें रहस्य या एका युक्तींत आहे.

तोक्यो येथील केयो विद्यापीठांत शिगेरू वातानाबे आणि त्यांचे सहकारी यांनीं ही युक्ति चित्रकलेला लावून पाहिली. कांहीं कबुतरांना फ्रेंच चित्रकार मोने याच्या चित्रांवर टोचल्यास दाणा मिळे, तर कांहींना पिकासोच्या. तीं ओळखावयास शिकल्यावर त्यांना त्याच दोघां चित्रकारांचीं नवीं चित्रें दाखविलीं. त्यांचीही निवड कबुतरांनीं बरोबर केली. रंग काढून टाकून चित्र नुसतें काळें-पांढरें केलें, तरी ओळख टिकली. मोनेवर शिकलेलीं कबुतरें सेझान व रन्वार यांच्या चित्रांकडेही वळलीं. पिकासोवर शिकलेलीं ब्राक व मातीस यांच्याकडे वळलीं. मोनेचीं चित्रें उलटीं टांगलीं तेव्हां मात्र ओळख बिघडली, आणि पिकासोचीं उलटीं केलीं तरी ती तितकी बिघडली नाहीं. आपण हंसूं, पण त्यांत संगति आहे. मोनेच्या चित्रांतलीं झाडें, पाणी, आकाश हीं खऱ्या सृष्टीसारखीं सरळ उभीं असतात; पिकासोच्या मोडून जुळविलेल्या आकृतींना वर-खालीं असा भेद फारसा उरतच नाहीं. हसवून मग विचार करावयास लावणाऱ्या संशोधनाला अमेरिकेंत जें इग्नोबेल पारितोषिक देतात, तें १९९५ सालीं या प्रयोगाला मिळालें.

येथवर आपला विद्यार्थी उत्तम गुणांनीं उत्तीर्ण झाला. मला मात्र सर्वांत अधिक मोलाची वाटते ती त्याची एक परीक्षा, जींत तो दोन विषयांत पास आणि एका विषयांत नापास झाला.

ती परीक्षा २०१५ सालची. अमेरिकेंतील रिचर्ड लेव्हनसन, एडवर्ड वॉसरमन आणि त्यांचे सहकारी यांनीं कबुतरांपुढें स्तनाच्या कर्करोगाचीं चित्रें ठेविलीं. रोगनिदानासाठीं काढलेल्या मांसाच्या तुकड्याचे पातळ काप सूक्ष्मदर्शकाखालीं जसे दिसतात, तशीं तीं चित्रें. हा काप रोगाचा कीं बिनरोगाचा, हें शिकण्यांत डॉक्टरांचीं वर्षें जातात. कबुतरांना दोन रंगांच्या दोन पट्ट्यांपैकीं एकीवर टोचून उत्तर द्यावयाचें होतें. पहिल्या दिवशीं त्यांचीं निम्मीं उत्तरें बरोबर आलीं, म्हणजे निव्वळ दैवानें. सुमारें पंधरा दिवसांत बरोबर उत्तरांचें प्रमाण शेंकडा ८५ पर्यंत गेलें. मग नवे, न पाहिलेले काप दाखविले. त्यांतही तीं जवळजवळ तितकींच बरोबर ठरलीं. चार कबुतरांचीं मतें एकत्र केलीं तेव्हां अचूकपणा शेंकडा ९९ वर गेला. क्ष-किरणांच्या चित्रांत चुन्याचे जे सूक्ष्म ठिपके रोगाची सूचना देतात, तेही कबुतरांनीं नव्या चित्रांत ओळखले.

त्यानंतर आला तिसरा विषय. क्ष-किरणांच्या चित्रांत दिसणारी गांठ साधी आहे कीं घातक, हें ओळखावयाचें होतें. हें काम निष्णात डॉक्टरांनाही सोपें नाहीं. येथें कबुतरांना शिकावयास फार अधिक दिवस लागले. तरीही शिकविलेल्या चित्रांवर तीं बरींच बरोबर उत्तरें देऊं लागलीं. मग नवीं चित्रें समोर ठेविलीं, आणि सगळें उघडें पडलें. नव्या चित्रांवर त्यांचीं उत्तरें पुन्हां दैवाच्या पातळीवर आलीं. तीं गांठी ओळखावयास शिकलींच नव्हतीं. त्यांनीं तीं विशिष्ट चित्रें पाठ केलीं होतीं.

श्रोतेहो, या निकालावर जरा थांबून विचार करा. जुन्या चित्रांवरचे गुण तेवढे कोणी पाहिले असते, तर हाच विद्यार्थी तिन्ही विषयांत उत्तीर्ण म्हणून जाहीर झाला असता. जेथें पारख होती तेथें आणि जेथें नुसतें पाठांतर होतें तेथें, प्रगतिपुस्तकावर फारसा फरक दिसला नसता. फरक दाखविला तो नव्या प्रश्नानें. आणि येथें प्रश्न कोणाच्या तरी आईच्या वा बहिणीच्या जीवाचा असल्यामुळें हा फरक शब्दच्छल नव्हे. पाठांतर करणाऱ्या परीक्षकापुढें आजवर न आलेली गांठ आली, तर तो काय सांगणार? आजकाल रोगचित्रें वाचण्यासाठीं माणसें यंत्रांनाही शिकवीत आहेत. त्यांनाही हीच कसोटी लावावी लागते. शिकविलेल्या चित्रांवर यंत्र किती बरोबर आलें याला महत्त्व नाहीं. न पाहिलेल्यावर किती आलें याला आहे.

पाठांतर आणि पारख यांच्या पलीकडे तिसरी पायरी अर्थाची. कबुतर त्या पायरीवर चढतें काय? न्यूझीलंडमधील ओटागो विद्यापीठांत डेमियन स्कार्फ आणि त्यांचे सहकारी यांनीं चार कबुतरांना चार अक्षरांचे इंग्रजी शब्द आणि चार अक्षरांच्या निरर्थक जुळण्या यांतला फरक शिकविला. २०१६ सालीं त्याचा निकाल प्रसिद्ध झाला. एकेका कबुतरानें २६ ते ५८ शब्द आत्मसात केले, आणि सुमारें ८,००० निरर्थक जुळण्यांतून ते वेगळे काढले. नवे शब्द दाखविले तेव्हांही तीं त्यांना निरर्थक जुळण्यांहून निराळे ओळखूं शकलीं, कारण कोणतीं अक्षरें शब्दांत शेजारीं-शेजारीं येतात ही खूण त्यांनीं पकडली होती. म्हणजे पाठांतराची पायरी ओलांडून तीं पारखेच्या पायरीवर आलीं. पण त्या शब्दांचा अर्थ? तो त्यांच्या गांवींही नव्हता. तसेंच कर्करोगाचा काप ओळखणाऱ्या कबुतराला रोग म्हणजे काय हें ठाऊक नाहीं, आणि मोने ओळखणाऱ्याला चित्रकलेचें प्रेम नाहीं. या प्रयोगांवरून कबुतराला माणसाच्या पंक्तीला बसविणें हा जितका भाबडेपणा, तितकाच त्याला ‘दाण्यापुरतें पांखरूं’ म्हणून हिणवणें हाही अन्याय होय.

पारखेची किंमत काय असते, याचें एक उदाहरण समुद्रावरचें आहे. १९७० नंतरच्या दशकाच्या अखेरीस अमेरिकेच्या तटरक्षक दलानें समुद्रांत हरवलेल्या माणसांच्या शोधासाठीं कबुतरांना तयार केलें. हेलिकॉप्टरच्या पोटाखालीं पारदर्शक कोठडींत तीन कबुतरें बसवीत. प्रत्येकाचें तोंड क्षितिजाच्या एकेक तिसऱ्या भागाकडे. पाण्यावर नारिंगी रंग दिसला कीं टोचावयाचें, हें त्यांचें शिक्षण. प्रत्यक्ष समुद्रावर उजेड पालटतो, लाटा उसळतात, वस्तु जवळ-दूर होते. पाठ केलेलें चित्र तेथें कामाचें नाहीं. अशा चांचण्यांत पहिल्याच फेरींत लक्ष्य हेरण्याचें कबुतरांचें प्रमाण शेंकडा ९० पडलें, वैमानिकांचें शेंकडा ३८. पुढें पैशाअभावीं हा उपक्रम बंद झाला.

आणखी एक प्रयोग सांगतों, तो तर आपल्या घराच्या उंबरठ्याशीं येऊन पोंचतो. पॅरिसमधील एका बागेंत दोन संशोधक दोन निरनिराळ्या रंगांचे डगले घालून रानोमाळ वाढलेल्या कबुतरांना दाणे टाकीत. एकजण त्यांना निवांत खाऊं देई, दुसरा हांकलून लावी. पुढें दोघांनींही हांकलणें बंद केलें, इतकेंच नव्हे तर डगल्यांची अदलाबदलही केली. तरी कबुतरें पूर्वींच्या त्रासदायक माणसालाच टाळीत राहिलीं. डगल्याचा रंग ही सोपी खूण त्यांना मिळाली होती. पण त्यांनीं लक्षांत ठेविला तो माणूस. हा निकाल २०११ सालचा. तेव्हां खिडकींत येणारा पारवा आपल्याला ओळखतो असें कोणा आजीबाईंनीं सांगितलें, तर एकदम हंसूं नये.

या सगळ्यांतून एक गोष्ट घरोघरीं नेण्यासारखी आहे. आपलें मूल सातापांचांचा पाढा घडाघडा म्हणतें, इतिहासाच्या सनावळ्या ओळीनें सांगतें, आणि आपण समाधान पावतों. पाठांतर वाईट नव्हे. हजार चित्रें लक्षांत ठेवणाऱ्या पांखराचें आपण कौतुकच केलें. पण तेवढ्यावर निकाल लावूं नये. उद्यां संध्याकाळीं मूल अभ्यासाला बसलें म्हणजे पुस्तक मिटून ठेवा आणि पुस्तकांत नसलेला एक प्रश्न विचारा : सात मुलांना प्रत्येकीं पांच बोरें वाटलीं आणि तीन उरलीं, तर टोपलींत बोरें होतीं किती? उत्तर यावयास वेळ लागेल. लागूं द्या. त्या वेळांत मूल आठवत आहे कीं विचार करीत आहे, हें त्याच्या चेहऱ्याकडे पाहून ठरवूं नका, आणि आपल्या चेहऱ्यावरून त्याला उत्तरही कळूं देऊं नका. तें उत्तर चुकलें तरी रागावूं नका. चूक कोठें झाली तें पाहून तसाच दुसरा नवा प्रश्न घाला.

इतकें सांगून आपली रजा घेतों.